पडद्यापुढे आणि पडद्यामागे

गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी वडसा हे गाव वसलेले आहे. देसाईगंज हे त्याचेच दुसरे नाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील वनप्रदेशाला झाडीपट्टी म्हणतात, आणि वडसा ही झाडीपट्टीच्या नाटकांची जणू राजधानीच होय. दिवाळी सरली की येथे नाटक मंडळ्यांची लगबग सुरू होते. गावोगावची माणसे येऊन नाटके ठरवितात. मग सामान गाडीवर चढते, आणि कुठल्याशा गावच्या मंडपात रात्री उघडलेला पडदा पहाटेच पडतो. याच रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री हा सन्मान लाभला.

पडदा दोन जगे वेगळी करतो. पुढे रंगमंच असतो. तेथे नट शेकडो डोळ्यांना सामोरा जातो. मागे रंगपट असतो. तेथे तोच नट अर्धवट रंगविलेल्या तोंडाने चहा पितो, भाषण घोकतो, चुकतो, कधी घरच्या आठवणीने गप्प बसतो. तेथे कोणी प्रेक्षक डोकावत नाही. काय दाखवावे आणि काय राखावे, हे ठरविण्याचा अधिकार केवळ नटाला आहे असे नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी हे २०१२ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला, की खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. प्रत्येकाला आपापला रंगपट मिळाला तो असा!

आता प्रेक्षकांच्या हाती मोबाइल आला आहे. समजा, विनोदी नटाने ऐन वेळी त्या गावच्या पाटलांवर एक कोटी केली. मंडप हसला, पाटीलही हसले. कारण सारे एकमेकांना ओळखत होते. एका मुलाने ते टिपले आणि यूट्यूबवर चढविले. तेथे ती कोटी ऐकणाऱ्यांना पाटील ठाऊक नाहीत, मंडप ठाऊक नाही; थट्टा तेवढी उरली. कायद्याने येथे मोठा समंजस भेद केला आहे. प्रयोग करणाऱ्याच्या संमतीवाचून त्याचे चित्रण करून ते लोकांत पसरविता येत नाही. स्वतःच्या खाजगी उपयोगापुरते चित्रण केल्यास मात्र त्याच्या हक्काचा भंग होत नाही. म्हणजे तो मुलगा ते घरी आजीला दाखवू शकला असता.

क्लाउड या इंग्रजी शब्दाचा अर्थ ढग. परंतु क्लाउडवर ठेवलेली वस्तू आकाशात नसते. ती मनोऱ्यांमार्फत आणि तारांमधून नवी मुंबईसारख्या ठिकाणच्या, अहोरात्र थंड ठेवलेल्या इमारतींतील संगणकांत जाऊन पोचते, आणि तेथे तिच्या बहुधा एकाहून अधिक प्रती ठेवल्या जातात. थोडक्यात, आपली पेटी दुसऱ्याच्या घरी ठेवण्यासारखेच ते आहे. यात भिण्याजोगे काही नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसेखुर्द धरणातून पाणी सोडल्यावर वैनगंगेला महापूर आला आणि काठच्या घरांत पाणी शिरले. अशा वेळी पत्र्याच्या पेटीतील गुणपत्रिका आणि जातीचा दाखला चिखल होऊन जातात. १ जुलै २०१५ पासून सुरू झालेल्या सरकारी डिजिलॉकरमध्ये संबंधित खात्याने दिलेला दाखला असला, तर तो मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो. पूर त्याला शिवत नाही.

मात्र दुसऱ्याच्या घरी ठेवलेल्या पेटीची किल्ली आपल्याजवळ हवी. सांकेतिक शब्द मित्राला सांगणे, फोनवर आलेला ओटीपी अनोळखी माणसाला वाचून दाखविणे, म्हणजे किल्ली देऊन टाकणेच होय. आणखी एक खुबी लक्षात ठेवावी. फोन आणि क्लाउड परस्परांशी जोडलेले असतील, तर फोनवरून पुसलेले चित्र पुष्कळदा तिकडूनही पुसले जाते. उलट, एकदा दहा जणांना धाडलेले चित्र आपल्याकडून पुसले, तरी त्या दहा जणांनी साठविलेल्या प्रती तशाच राहतात. छायाचित्र काढले ते स्थळ आणि ती वेळही पुष्कळदा त्याच्या पोटात नोंदलेली असते. घराच्या ओसरीवरचा फोटो घराचा पत्ताही सांगू शकतो.

२०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी, मुलांचा माग काढून त्यांच्यावर जाहिराती रोखू नयेत, असे त्यात म्हटले आहे. परंतु बारा वर्षांच्या मुलाने खाते उघडताना आपले वय वीस लिहिले, की त्या कंपनीच्या नोंदवहीत तो मूल उरतच नाही.