चाळीस वर्षं एकाच बाकावर

प्रश्न : सर ॲलेक्स फर्ग्युसन 26 वर्षं मँचेस्टर युनायटेडला टिकले म्हणून आपण तोंडात बोटं घालतो. पण फ्रान्समध्ये एका प्रशिक्षकानं एकाच क्लबात चाळीसहून जास्त वर्षं काढली आणि तो खेळाडूंच्या गाड्यांचे किलोमीटर तपासायचा, असं ऐकलं. हे खरं का? इतक्या वर्षांत त्याला कुणी घरी कसं बसवलं नाही? आणि तो स्वतः खेळाडू म्हणून कसा होता?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांचं नाव गी रू आणि क्लबाचं ओसेर. 1961 साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, ते तिथं खेळाडू-प्रशिक्षक झाले आणि 2005 साली बाहेर पडले. मधली सक्तीच्या लष्करी सेवेची वर्षं आणि 2000-01 चा एक हंगाम वजा केला तरी चाळिशी आरामात पार होते.

ओसेर म्हणजे पॅरिसच्या आग्नेयेला, योन नदीकाठचं पस्तीसेक हजार वस्तीचं गाव. आसपास शाब्लीच्या द्राक्षबागा. 1905 साली देशां नावाच्या एका पाद्र्यानं गावच्या पोरांसाठी हा क्लब काढला; स्टेडियमला आजही त्याचंच नाव आहे. रू आले तेव्हा क्लब प्रादेशिक पातळीवर, हौशी संघांत खेळत होता. त्यांची निवड होण्याचं एक मोठं कारण असं सांगतात, की उमेदवारांत सगळ्यात स्वस्त तेच होते. पुढे चार दशकं हाच माणूस क्लबाची तिजोरी राखून बसला, हे पाहता निवड करणाऱ्यांची पारख वाखाणायला हवी.

वरच्या पायऱ्या चढायला त्यांनी घाई केली नाही. 1970 मध्ये तिसरा विभाग, 1974 मध्ये दुसरा. 1979 साली दुसऱ्या विभागात असतानाच संघ फ्रेंच चषकाच्या अंतिम सामन्यात पोचला. बलाढ्य नांतनं जादा वेळेत 4-1 असं हरवलं खरं, पण देशाला गावाचं नाव कळलं. पुढच्याच वर्षी, 1980 मध्ये, ओसेर पहिल्या विभागात आलं. म्हणजे पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकोणीस वर्षं, आणि प्रशिक्षक तोच. आजच्या क्लबमालकाला एकोणीस सामने थांबायचा धीर नसतो.

आता गाड्यांचं. रू सरावाच्या वेळी गाड्या उभ्या असत तिथं फेरी मारत आणि मीटरवरचे आकडे बघत. काल आणि आजच्या आकड्यांत तीनशे-साडेतीनशेचा फरक दिसला की समजायचं, पोरगा रात्री पॅरिसला जाऊन आला. महामार्गाच्या टोलनाक्यावर त्यांची ओळखीची माणसं होती, ती कोण कधी गेलं-आलं याची खबर देत. रात्री खेळाडूच्या घराबाहेर उभ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून इंजिन गरम आहे का ते बघत, असंही सांगितलं जातं. यातलं किती घडलेलं आणि किती त्यांनी स्वतःच पसरू दिलेलं, हे वेगळं काढणं अवघड. माझं मत विचाराल तर, खेळाडूंना ते खरं वाटलं की काम झालं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. थंडीत लोकरी टोपी घालून बाकावर बसलेला, पै-पैचा हिशेब ठेवणारा खेडवळ म्हातारा ही प्रतिमा त्यांनी जपली. बाटलीबंद पाण्याच्या जाहिरातींत ते झळकले, टीव्हीवरच्या बाहुल्यांच्या व्यंग कार्यक्रमात त्यांची बाहुली आली, आणि फ्रान्सभर ज्यांना फुटबॉलचा गंध नाही त्यांनाही रू ठाऊक झाले.

पण हा कंजूषपणा कुठं सैल सोडायचा, तेही त्यांना कळे. एरिक कॅन्टोना मार्सेलचा, पंधरा वर्षांचा. नीसच्या क्लबात त्यानं संघाची जर्सी मागितली तर तिचे पैसे पडतील असं उत्तर आलं; ओसेरला मात्र परतताना त्याच्या पिशवीत जर्सी फुकट होत्या. कॅन्टोनानं ओसेर निवडलं. 1983 मध्ये तो पहिल्या संघात आला आणि 1988 मध्ये मार्सेलनं त्याच्यासाठी 2 कोटी 20 लाख फ्रँक मोजले, तेव्हाचा फ्रान्समधला विक्रम! चार जर्सींचा एवढा परतावा क्वचितच कुणाला मिळाला असेल.

ओसेरचं अर्थकारण असंच चाले. 1982 साली युवा खेळाडूंसाठी प्रशिक्षण केंद्र उघडलं. पोरं लहानपणी आणायची, तिथंच राहायला-जेवायला ठेवायची, शिस्तीत वाढवायची, पहिल्या संघात खेळवायची आणि भाव आला की मोठ्या क्लबाला द्यायची. आलेले पैसे पुन्हा केंद्रात. मार्सेलला 1993 चा युरोपियन चषक मिळवून देणारा गोल करणारा बासिल बोली इथलाच. जिब्रिल सिसे आणि फिलिप मेक्सेसही इथलेच. गाड्यांचे किलोमीटर मोजणं हा विक्षिप्तपणा वाटतो, पण विकायचा माल म्हणजे विशी-बाविशीतली पोरं असतील, तर त्यांची झोप हीच क्लबाची ठेव.

मैदानातही ते जगाच्या उलट चालत. नव्वदच्या दशकात बहुतेक संघ जागा वाटून बचाव करू लागले होते. रूंचे बचावपटू मात्र आपापला माणूस धरत आणि तो जाईल तिकडे मागे जात. मागे एक मोकळा खेळाडू, पुढे दोन्ही कडांना पळणारे विंगर. समीक्षक याला जुनाट म्हणत. त्याच पद्धतीनं 1993 मध्ये संघ युएफा चषकाच्या उपांत्य फेरीत गेला आणि डॉर्टमुंडकडून पेनल्टींवर हरला. 1994 मध्ये फ्रेंच चषक आला. 1996 मध्ये तर चषक आणि लीग दोन्ही एकाच हंगामात. लीग जिंकण्याची क्लबाच्या इतिहासातली तीच एक वेळ. बाहेरून आणलेला लोरां ब्लां त्या वर्षी संघात होता, हे सांगायला हवं. सगळंच काही घरच्या पोरांवर झालं नाही.

त्यांना कुणी काढलं कसं नाही, याचं उत्तर मला निकालांपेक्षा कार्यालयात जास्त दिसतं. प्रशिक्षक जातो तो बहुधा नवा अध्यक्ष आला की. ओसेरचे अध्यक्ष झां-क्लोद आमेल 1963 मध्ये खुर्चीत बसले ते 2009 पर्यंत. म्हणजे रूंच्या जवळजवळ सगळ्या कारकिर्दीला एकच अध्यक्ष. शिवाय क्लब रूंनीच हौशी पातळीवरून उभा केलेला. त्यांना काढायचं तर त्यांच्याइतकं क्लब ओळखणारा दुसरा आणायचा कुठून? 2000 मध्ये ते स्वतःहून बाजूला झाले, पण संघ गुणतालिकेच्या मध्यावर घसरला आणि 2001 मध्ये ते परत आले. त्याच वर्षी हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली, तरी ते बाकावर परतलेच. हंगामाअखेर संघ तिसरा आला आणि ऑक्टोबर 2002 मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये वेंगर यांच्या आर्सेनलला त्यांच्याच हायबरी मैदानावर जाऊन 2-1 असं हरवून आला.

2003 आणि 2005 मध्ये आणखी दोन चषक मिळाले. दुसऱ्या विजयानंतर लगेच त्यांनी निवृत्ती जाहीर केली. 2007 मध्ये मात्र लांस क्लबानं बोलावलं आणि ते गेले. वय 65 च्या पुढं म्हणून लीगनं आधी करार अडवला. वाद घालून परवानगी मिळवली आणि चार सामन्यांनंतर ऑगस्टमध्येच राजीनामा दिला. तिथं ना आमेल होते, ना ओळखीचा टोलनाका. पहिल्या विभागातल्या त्यांच्या सामन्यांची संख्या त्या चारांसह 894 झाली. ओसेर त्यांच्यानंतर सात वर्षांनी, 2012 मध्ये, पहिल्या विभागातून खाली गेलं. 1980 पासून पहिल्यांदाच.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. खेळाडू म्हणून रू बेताचेच. जन्म कोलमारचा, वाढले ओसेरजवळच्या आपुआन्यी गावात. पोरवयात ओसेरकडूनच खेळले, मग लिमोजला गेले आणि तिथून परत आले. फ्रान्सच्या राष्ट्रीय संघात कधी निवड झाली नाही. तुमच्या कोल्हापुरातल्या तालमींच्या फुटबॉल संघांपैकी एखाद्याला ते विशीत मिळाले असते, तर बहुधा राखीव खेळाडूंत बसले असते आणि सामना संपल्यावर चेंडू मोजून पिशवीत भरले असते.