पोटातले बाळ गप्प झाले तर?

'डॉक्टर, कालपासून बाळ फारसे हलत नाही,' असे आठव्या महिन्यात सांगणाऱ्या भगिनीला 'झोपले असेल' म्हणून घरी बसवू नये.

वारेतून मिळणारा प्राणवायू कमी पडला, की बाळाच्या मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात व रक्त तिकडे जास्त वळते. मूत्रपिंडे, आतडी, हातपाय यांचा वाटा घटतो. म्हणून बाळ रोडावते, गर्भजल कमी होते, हालचाल मंदावते. कलर डॉपलर सोनोग्राफीत हा बदल दिसतो. मात्र ही तात्पुरती सोय असते. टंचाई टिकली, तर मेंदूलाही इजा होते.

वाढलेला रक्तदाब, रक्तक्षय, मिश्री, विडी व चुलीचा धूर ही टंचाई वाढवतात. रक्तदाब तपासून घ्या, लोहाच्या गोळ्या चुकवू नका. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली असल्यास उपचार घ्या. आणि बाळ गप्प वाटले, तर अंगावर न काढता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.