दारू सोडताना डॉक्टर हवाच

रोज पिणारा माणूस 'सोडतो' म्हणाला की घराला देव पावल्यासारखं होतं. आषाढीला माझ्या थोरल्या भावाने माळ घातली, तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. सकाळी डोळे उघडल्याबरोबर क्वार्टर लागणारा माणूस, त्याने सगळं एका दिवसात बंद केलं.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्याच्या हातात कपबशी खडखडायला लागली. बनियन घामाने चिंब, पोटात पाणी टिकेना. "अंगातली दारू निघतेय, निघू दे," असं जो तो म्हणत होता. रात्री फिट आली. कोणी कांदा हुंगवला. तिसऱ्या दिवशी दादा गोधडीवरून काहीतरी वेचत बसला. "या मुंग्या काढ ना रे," मला म्हणाला. गोधडीवर एकही मुंगी नव्हती. गल्लीतून देवऋषीचा सल्ला आला. वहिनीने कुणाचं ऐकलं नाही, सरळ रिक्षा बोलावली. म्हणून दादा आज आहे.

डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं. दारू मेंदूला दाबून ठेवते आणि मेंदू वर्षानुवर्षं त्या दाबाविरुद्ध जोर लावत राहतो. दारू एकदम थांबली की दाब जातो, जोर तसाच उरतो. थरथर काही तासांतच सुरू होते, फिट बहुधा पहिल्या 48 तासांत येते, आणि भ्रम, ताप, वाढलेले ठोके हे साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. यात माणूस दगावतो. वेळेवर नेलं तर उपाय आहे: मेंदू शांत करणारी औषधं हळूहळू कमी करत देतात, आणि बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. म्हणून घरी ग्लुकोजची बाटली लावून मोकळं होऊ नका. बी-1 न देता नुसतं ग्लुकोज गेलं तर आधीच उपाशी असलेल्या मेंदूला इजा होऊ शकते.

एसटी स्टँडच्या भिंतींवर 'नकळत दारू सोडवा' लिहिलेलं असतं, त्या पुड्यांचाही मला राग येतो. त्यात डायसल्फिराम असेल आणि माणूस वर प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. ते औषध रुग्णाला सांगूनच द्यायचं असतं.

अंगातली दारू उतरवणं ही फक्त सुरुवात. पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 साली सुरू केलेल्या मुक्तांगणासारख्या ठिकाणी खरं काम त्यानंतर चालतं, माणसाच्या मनावर आणि घरावरही. दादाला आजही गटाच्या बैठकीला जावं लागतं. तो जातो.

तुमच्या घरी कोणी सोडायचं ठरवलं असेल, तर शपथेआधी डॉक्टरांना भेटा. काहीच सुचत नसेल तर 14446 या सरकारी नशामुक्ती हेल्पलाइनवर फोन करा. आणि डॉक्टरांपुढे रोजचं प्रमाण खरं सांगा. लाजेपोटी आकडा कमी सांगितला, तर औषधाचा डोसही कमी पडतो.