बारीक बाळाची राखण

पोरी, आशाताई म्हणाली, तुझं बाळ पोटात बारीक वाटतं. घाबरू नको. अडीच किलोच्या आतलं लेकरू नीट राखलं तर धरतं, पण त्याला दुखणं लवकर गाठतं. माझ्या थोरल्याच्या वेळी मला हे सांगणारं कोणी नव्हतं.

१. खर्रा आजच सोड – तंबाखूनं पोटातल्या बाळाचं वजन घटतं.

२. अंगणवाडीतलं अमृत आहाराचं ताट तिथंच बसून पोटभर खा. घरी आणलंस की त्याचे चार वाटे होतात.

३. चीक फेकू नको, तासाभरात बाळाला पाज – रोगाशी झुंजायचं बळ त्या पिवळ्या, घट्ट दुधात असतं. मी तो खराब समजून पिळून टाकला, बोटानं गूळपाणी चाटवलं. पाचव्या दिवशी पोर दूध ओढेना. चीक पोटात, तर दुखणं वेशीबाहेर.

४. मध, घुटी, वरचं दूध नको. सहा महिने पाणीसुद्धा नको, आपल्या चंद्रपूरच्या मे महिन्यातही – आईच्या दुधात बाळापुरतं पाणी असतंच.

५. ओढायची ताकद नसेल तर दूध उकळून घेतलेल्या वाटीत काढ, चमच्यानं थोडं थोडं पाज. बाटली नको – बुचाच्या खाचेत दूध आंबतं. दर दोन तासांनी, झोपलं असलं तरी तळवा चोळून उठव.

६. लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टर सांगतील तेव्हाच, सांगतील तेवढेच दे. लोहाचा साठा पोटातल्या शेवटच्या महिन्यांत भरतो, म्हणून लवकर जन्मलेल्याला तो कमी पडतो – पण जास्त लोहही बाधतं. शेजारणीकडची उरलेली बाटली नको.

७. उघडं बाळ उघड्या छातीशी धर, वरून लुगडं घे – ऊब मिळाली की प्यालेलं दूध अंगी लागतं. बापानं धरलं तरी चालतं.

८. नाळेला हळद, राख, तेल काही नको, कोरडी ठेव. बाळाला घेण्याआधी सगळ्यांनी हात धुवायचे. रोवणीवरून आलेल्या सासूबाईंनाही आधी साबण दे, त्या रागावणार नाहीत.

९. रडणं बारीक झालं, ओढणं मंदावलं, हातपाय गळाले, अंग गार पडलं किंवा तापलं, पोट फुगलं, छाती आत ओढली, बेंबीतून पू आला, तर सकाळची वाट पाहू नको. आशाताईला उठव, १०८ ला फोन लाव – इवल्या जिवात जंतू काही तासांत पसरतात.

या खुणा आपल्या शेजारच्या गडचिरोलीतल्याच बायकांनी ओळखून दाखवल्या. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायका आरोग्यदूत म्हणून तयार केल्या. त्या घरोघरी जाऊन बाळ तोलत, जंतुसंसर्ग दिसला तर इंजेक्शनही देत. तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी झोळीचा काटा घेऊन येते, ती वाट तिथूनच निघाली. ती यायच्या दिवशी घरीच राहा, वजन लिहून घे.

बाळंतपणाच्या तारखेच्या आधीच आरोग्य केंद्राच्या माहेरघरात जाऊन राहा. पावसात नाल्याला पूर आला की गाडी पोचत नाही. पिशवीत वाटी-चमचा तू ठेव. मऊ जुनी लुगडी मी धुऊन, कडक उन्हात वाळवून पाठवते.