आधी खुर्ची, मग बैठका

कुठली जिम लावू, असं विचारणाऱ्यांना मी उलट विचारतो: मांडी घालून बसल्यावर हाताचा टेकू न घेता उठता येतं का? चाळिशी ओलांडलेल्या बऱ्याच जणांना येत नाही. त्यांच्यासाठी बैठकांइतका सोपा आणि फुकटचा इलाज नाही. मांड्या आणि नितंबांचे स्नायू शरीरात सर्वांत मोठे. ते कामाला लागले की रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे मधुमेहींना फायदा दुहेरी.

जोर मारताना छाती, खांदे, दंड यांच्याबरोबर पाठीचा कणाही लवतो. सूर्यनमस्कारात हे बरंचसं येतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते आपल्या संस्थानातल्या शाळांत रुजवले. उणीव एकच, ओढण्याची ताकद यातून फारशी येत नाही. ती मल्लखांबावर मिळते. घरी बार असेल तर नुसतं लटकणंही चालेल.

आता धोक्याचं. पैज लावून पहिल्याच दिवशी दोनशे-तीनशे बैठका मारणारे तरुण असतात. सवय नसलेल्या स्नायूंच्या पेशी त्यात फुटतात, त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं निकामी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. मांड्या सुजून कडक झाल्या, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तर अंग मोडून आलंय म्हणत घरी पडून राहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

सुरुवात खुर्चीवरून करा. हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, दम घ्या, पुन्हा दहा. दिवसाआड पुरे. जोर आधी भिंतीला हात लावून, मग ओट्याला, शेवटी जमिनीवर. गुडघे कुरकुरत असतील तर टाचा टेकलेल्या ठेवा आणि अर्ध्यावरूनच वर या. श्वास कोंडू नका, रक्तदाब एकदम चढतो. काचबिंदू असलेल्यांनी किंवा मधुमेहाने डोळ्याचा पडदा बिघडलेल्यांनी डोकं खाली जाणारे प्रकार नेत्रतज्ज्ञांना विचारूनच करावेत. हृदयविकार असेल तर आधी तपासणी.

आणि हो, वीस बैठकांवर पैलवानाचा खुराक सुरू करू नका! तूप, बदाम, थंडाई हे हजार बैठका मारणाऱ्याला पचतं. आपल्याला वाटीभर उसळ आणि एखादं अंडं पुष्कळ.