नव्या व्यापारी इमारतीची बाह्य तपासणी

स्थानिक संस्थांना उत्पन्नाचे कायम साधन असावे म्हणून ग्रामपंचायती, नगर परिषदा, पंचायत समित्या आणि कृषि उत्पन्न बाजार समित्या ठिकठिकाणी व्यापारी गाळे बांधतात. या गाळ्यांच्या भाड्यातून गावाचे दिवे, पाणी आणि सफाई यांचा काही भार उचलला जावा, अशी त्यामागील अपेक्षा असते. परंतु इमारत उभी राहिल्यावर दोन-तीन पावसाळ्यांतच भिंतींना ओल येऊ लागली, छज्जाचे ढलपे पडू लागले, तर गाळे रिकामे राहतात आणि उत्पन्नाचे साधन खर्चाचे कारण बनते. शिवाय व्यापारी इमारतीच्या छज्जाखाली दिवसभर माणसांची वर्दळ असते. तेथे वरून सुटलेला काँक्रीटचा एक तुकडा प्राणावर बेतू शकतो.

यांपैकी पुष्कळशा दोषांच्या खुणा इमारत नवी असतानाच बाहेरून दिसत असतात. त्या ओळखण्यासाठी प्रत्येक वेळी महागडी उपकरणे लागत नाहीत. क्रमवार पाहण्याची सवय, थोडीशी माहिती आणि लेखी नोंद एवढ्यावर बरेच काम होते. अभियंत्याचे स्थान पंचायत सदस्याने घ्यावे, असा याचा अर्थ नव्हे. अभियंत्याने काय तपासावे हे त्याच्या नजरेस आणून देणे, हे सदस्यांचे काम आहे.

तपासणी केव्हा करावी

तपासणीच्या वेळा तीन आहेत. पहिली, अंतिम देयक अदा करण्यापूर्वी आणि इमारतीचा ताबा घेण्यापूर्वी. दुसरी, पहिला पावसाळा संपताच. तिसरी, कंत्राटदाराच्या करारनाम्यात दोष दुरुस्तीची जी मुदत घातलेली असते ती संपण्याच्या दोन-तीन महिने आधी. या मुदतीत आढळलेले दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दूर करावयाचे असतात आणि त्यासाठीच त्याची सुरक्षा ठेव राखून ठेवलेली असते. मुदत संपून ठेव परत गेल्यानंतर आढळलेल्या दोषाचा भुर्दंड बहुधा संस्थेलाच सोसावा लागतो. म्हणून ही तारीख कार्यालयाच्या नोंदवहीत ठळकपणे लिहून ठेवावी.

खाजगी विकासकाने बांधलेल्या व्यापारी संकुलात गाळा विकत घेणाऱ्यांना, प्रकल्प स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ खाली येत असेल तर, त्याचे संरक्षण मिळते. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत संरचनेतील किंवा कारागिरीतील दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांच्या आत विनामूल्य दुरुस्त करावा, अशी या अधिनियमात तरतूद आहे. तेथेही दोष वेळीच दिसणे आणि लेखी कळविणे, याला पर्याय नाही.

सोबत मंजूर नकाशा, करारनामा, मोजपट्टी, ओळंबा, पाणसळ, लहान लाकडी हातोडी, दुर्बीण आणि कॅमेरा घ्यावा. भिंतीची पाहणी सकाळी किंवा सायंकाळी करावी. त्या वेळी ऊन तिरपे पडते आणि भर दुपारी न दिसणारे फुगवटे व खळगे सावलीमुळे उठून दिसतात.

जोत्यापासून आरंभ

प्रथम इमारतीभोवती एक पूर्ण फेरी मारावी. स्तंभांची संख्या, जागा आणि आकार मंजूर नकाशाशी जुळतात काय, हे पाहावे. व्यापारी इमारतीत ही बाब विशेष महत्त्वाची आहे. तळमजल्यावर शटरांसाठी दर्शनी बाजू मोकळी ठेवल्याने तेथे भिंतींचा आधार कमी असतो आणि वरच्या मजल्यांचा भार मुख्यतः स्तंभांवर राहतो. दिनांक २६ जानेवारी २००१ च्या भूज येथील भूकंपात दूरवरच्या अहमदाबाद शहरातही खुल्या तळमजल्याच्या अनेक इमारती कोसळल्या होत्या. कोयना (१९६७) आणि लातूर-उस्मानाबाद (१९९३) येथील भूकंप अनुभवलेल्या आपल्या राज्याने हा धडा विसरता कामा नये. शटर मोठे करण्यासाठी किंवा नळ नेण्यासाठी स्तंभ तासलेला आढळल्यास ती गंभीर बाब समजून त्वरित कळवावी.

त्यानंतर जोत्याभोवतीचा फरसबंद पट्टा पाहावा. त्याचा उतार इमारतीपासून बाहेरच्या बाजूस, दर मीटरला सुमारे २ ते २.५ सें. मी. असावा. पट्टा भिंतीपासून सुटला असेल किंवा खचला असेल, तर पायाच्या बाजूची भर नीट धुमसलेली नाही असे समजावे. त्या फटीतून पावसाचे पाणी सरळ पायाकडे जाते. काळ्या मातीच्या प्रदेशात याचे परिणाम अधिक होतात, कारण ही माती ओलाव्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पायऱ्यांच्या बाजूस अपंगांसाठी असलेला उतार १२ मीटर लांबीला १ मीटरपेक्षा अधिक चढाचा नसावा, हेही येथेच मोजून घ्यावे.

भेगांचे वाचन

भेग दिसताच घाबरून जाणे चूक आणि रंगाखाली ती झाकू देणे ही त्याहून मोठी चूक होय. भेगेची दिशा, रुंदी आणि जागा यांवरून तिचे कारण बरेचसे कळते.

गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पसरल्या असतील, तर गिलाव्यात सिमेंटचे प्रमाण अधिक झाले, वाळूत मातीचा अंश राहिला किंवा गिलाव्यावर पुरेसे दिवस पाणी मारले नाही, असे अनुमान निघते. इमारतीच्या बळकटीस यामुळे लगेच धोका नसतो, परंतु पाणी मुरण्यास वाट मिळते.

तुळई आणि विटकाम किंवा स्तंभ आणि विटकाम यांच्या सांध्यावर सरळ रेषेत भेग असेल, तर दोन्ही साहित्यांचे आकुंचन-प्रसरण भिन्न असल्याने ती पडलेली असते. गिलाव्यापूर्वी या सांध्यावर तारेची जाळी बसविली असती, तर ती बहुधा टळली असती. खिडकीच्या किंवा शटरच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग त्या कोपऱ्यावर आलेला ताण दाखविते. विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारी आणि एका टोकाकडे रुंद होत जाणारी भेग पाया असमान खचल्याचा संशय निर्माण करते. अशा भेगेकडे दुर्लक्ष करू नये.

स्तंभावर सळईच्या रेषेत उभी भेग किंवा तुळईवर आधाराजवळ तिरपी भेग दिसली, तर त्या दिवशीच अभियंत्यास बोलवावे. 'आयएस ४५६ : २०००' या भारतीय मानकात प्रबलित काँक्रीटच्या पृष्ठभागावरील भेगेची रुंदी सर्वसाधारणपणे ०.३ मि. मी. पेक्षा अधिक नसावी, असे म्हटले आहे. सतत ओलाव्यात राहणाऱ्या भागांसाठी ही मर्यादा ०.२ मि. मी. आहे. साध्या लेखनाच्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मि. मी. असते. एकावर एक ठेवलेल्या तीन कागदांची कड भेगेत सहज शिरत असेल, तर ती मोजण्याजोगी भेग समजावी.

भेग वाढत आहे की स्थिर आहे, हे जाणण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे. भेगेवर काचेची अरुंद पट्टी आडवी ठेवून तिची दोन्ही टोके दोन बाजूंस सिमेंटने पक्की करावीत आणि शेजारी तारीख लिहावी. पुढे काच तडकली तर हालचाल चालू आहे, असे समजते.

काँक्रीटचा पृष्ठभाग

गिलावा न केलेल्या भागात मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे दिसत असतील, तर काँक्रीट ओतताना ते नीट दाबले गेले नाही किंवा साच्याच्या फटींतून सिमेंटचे पाणी वाहून गेले, असे समजावे. अशा जागेवरून पाणी आणि हवा सळईपर्यंत पोहोचते. छिद्रे वरवर लिंपून टाकण्यापूर्वी त्यांची खोली अभियंत्याने पाहणे आवश्यक आहे.

सळईवरील काँक्रीटचे आवरण हेच तिचे गंजापासून मुख्य संरक्षण होय. वरील मानकात सौम्य परिस्थितीत किमान २० मि. मी., मध्यम परिस्थितीत ३० मि. मी. आणि समुद्रकिनाऱ्यावरील हवा किंवा जोरदार पाऊस यांसारख्या तीव्र परिस्थितीत ४५ मि. मी. आवरण सांगितले आहे. नव्या इमारतीवर तांबूस डाग, गंजाचे ओघळ किंवा उघडी सळई दिसली, तर आवरण अपुरे राहिले असण्याची शक्यता मोठी असते. गंजलेले लोखंड मूळच्यापेक्षा अधिक जागा व्यापते आणि आतून काँक्रीट फोडते. कोकणपट्टीत ही क्रिया विशेष वेगाने होते.

छज्जे आणि सज्जे

एका बाजूसच आधार असलेल्या छज्जात मुख्य सळई वरच्या बाजूस असावी लागते. काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायांखाली ती खाली दबली, तर छज्जाचे बळ नाहीसे होते. बाहेरून याची दोन चिन्हे दिसतात. छज्जाच्या वरच्या पृष्ठावर भिंतीलगत लांबट भेग पडते आणि छज्जाची बाहेरची कड झुकते. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणून आणि पाणसळ लावून हे पाहता येते. दोन्ही चिन्हे एकत्र आढळल्यास खालची वाट लगेच बंद करावी.

छज्जाच्या खालच्या बाजूस काठाजवळ एक बारीक खाच ठेवलेली असते. पावसाचे पाणी त्या खाचेशी थांबून खाली ठिबकते आणि भिंतीकडे जात नाही. ही खाच नसणे किंवा गिलाव्याने बुजणे हा किरकोळ वाटणारा, पण भिंती ओल्या ठेवणारा दोष आहे. पुढे गाळेधारक मोठे नामफलक टांगण्यासाठी छज्जास छिद्रे पाडतात. त्यांस अटकाव करणारी अट भाडेपट्ट्यातच घालणे हिताचे ठरते.

गच्ची, कठडा आणि निचरा

कठडा किमान १ मीटर उंच असावा आणि त्याच्या माथ्याचा उतार गच्चीच्या बाजूस असावा, म्हणजे दर्शनी भिंतीवर ओघळ येत नाहीत. कठड्याच्या तळाशी सलग आडवी भेग दिसली, तर उन्हाने तापून स्लॅब सरकत असण्याचा संभव असतो. पावसाचे नळ पुरेशा संख्येने आहेत काय, त्यांचे सांधे घट्ट आहेत काय आणि त्यांचे पाणी गटारात जाते की जोत्यापाशीच सांडते, हे पाहावे. अभियंत्याच्या संमतीने गच्चीचे नळ बंद करून किमान २४ तास पाणी साठवावे आणि खालून पाहणी करावी.

भिंतीची पाण्याने परीक्षा घेताना नळीचा झोत खालून सुरू करून हळूहळू वर न्यावा. वरून सुरुवात केल्यास ओघळ सर्वत्र पसरतो आणि पाणी नेमके कोठून आत शिरते ते कळत नाही. परांची काढल्यावर राहिलेली भोके नीट बुजविली नसतील, तर गळती पुष्कळदा तेथूनच होते. भिंतीवर पांढरा लोणा फुटला असेल, तर आत पाणी मुरत असल्याची ती खूण होय.

लांबीने ४५ मीटरपेक्षा मोठ्या इमारतीत मानकाप्रमाणे प्रसरणाचा सांधा ठेवण्याचा विचार करावयाचा असतो. हा सांधा गिलाव्यातून आणि कठड्यातूनही सलग गेलेला असावा. वरून गिलावा करून तो झाकला, तर गिलावा तेथेच फुटतो.

गिलावा आणि फरशा

हातोडीने हलके ठोकले असता भरीव आवाज यावा. पोकळ आवाज येणारा भाग खडूने आखून घ्यावा. उंचावरील दगडी किंवा चिनी मातीच्या फरशांबाबत ही परीक्षा टाळू नये, कारण सुटलेली फरशी सरळ वाटसरूवर पडते. विटकामाचा ओळंबा दर ३ मीटर उंचीस ६ मि. मी. पेक्षा अधिक ढळलेला नसावा. कडा आणि कोपरे खालून वर नजर लावूनही पाहता येतात.

नोंद आणि पाठपुरावा

तोंडी तक्रारीस कार्यालयात किंमत नसते. इमारतीच्या चारही बाजूंचे साधे रेखाचित्र काढून त्यावर दोषांना अनुक्रमांक द्यावेत. प्रत्येक दोषापुढे जागा, लांबी-रुंदी, पाहणीची तारीख आणि छायाचित्राचा क्रमांक लिहावा. दोषांचे तीन वर्ग करावेत : ज्यांत जीवितास धोका आहे ते, पाणी शिरण्यास वाट देणारे आणि केवळ दिसण्यातील. पहिल्या वर्गात दुरुस्तीची वाट न पाहता वापर थांबवावा. पाहणीच्या वेळी कंत्राटदाराच्या प्रतिनिधीस लेखी बोलावून त्याची स्वाक्षरी घ्यावी, यादी मासिक सभेपुढे ठेवावी आणि दुरुस्तीनंतर त्याच यादीवरून पुन्हा पाहणी करावी. दोषावर नुसता रंग मारून घेणे ही दुरुस्ती नव्हे. कारण दूर झाले की नाही, हे पाहणे आवश्यक असते.

या पाहणीस मर्यादाही आहेत. पायाची खोली, सळयांची संख्या किंवा काँक्रीटचे बळ बाहेरून दिसत नाही. संशय आल्यास उसळी हातोडीची किंवा काँक्रीटचा गाभा काढून करावयाची चाचणी तज्ज्ञांकडून करून घ्यावी. तसेच बांधकाम चालू असतानाची देखरेख जी उणीव भरून काढू शकते, ती शेवटच्या तपासणीने भरून निघत नाही.

हीच पद्धत शाळेच्या वर्गखोल्या, अंगणवाडी आणि ग्रामपंचायत कार्यालय यांनाही लागू पडते. शिक्षकांनी आपल्या शाळेभोवती पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी फेरी मारून यादी ठेवली, तर पुष्कळशा दुरुस्त्या लहान असतानाच होऊन जातील. सार्वजनिक इमारत ही गावाच्या पैशांतून उभी राहते. तिचा ताबा घेताना, स्वतःचे घर घेताना माणूस जेवढ्या बारकाईने पाहतो तेवढ्याच बारकाईने पाहणे, हे तिच्या विश्वस्तांचे कर्तव्य आहे.