सार्वजनिक जमिनीवर सामुदायिक शेती : मागणी, करारपत्र आणि कायदा

गावाच्या अथवा नगराच्या मालकीची जमीन सर्वांची असते आणि म्हणूनच पुष्कळदा तिची काळजी कोणीच घेत नाही. तेथे केरकचरा साचतो, शेजारची कुंपणे हळूहळू आत सरकतात आणि काही वर्षांनी मूळ हद्द कोठे होती हेही कोणास सांगता येत नाही. अशा जमिनीवर आसपासच्या रहिवाशांनी एकत्र येऊन भाजीपाला पिकवावा, ही कल्पना साधी आहे. ती अंमलात आणताना मात्र काही प्रश्न उभे राहतात. जमीन कोणत्या अटींवर मिळावी? किती काळासाठी मिळावी? उद्या त्याच जागी घरे अथवा दवाखाना बांधण्याची गरज भासली तर काय करावे? या प्रश्नांच्या दृष्टीने न्यूयॉर्क शहराचा अनुभव आणि इंग्लंडमधील कायदा, हे दोन्ही अभ्यासण्याजोगे आहेत.

न्यूयॉर्कमधील प्रारंभ

१९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क शहराची आर्थिक स्थिती अत्यंत बिकट झाली होती. गरीब वस्त्यांतील अनेक घरमालकांनी कर भरणे थांबवून इमारती सोडून दिल्या. थकलेल्या करापोटी अशा मालमत्ता शहराकडे आल्या. कित्येक इमारती पडल्या वा पाडाव्या लागल्या आणि विटांच्या ढिगाऱ्यांनी भरलेले हजारो भूखंड शहराच्या माथी पडले. त्यांची देखभाल करण्यास शहराजवळ पैसा नव्हता.

१९७३ साली मॅनहटन भागातील बोअरी व हाउस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील अशाच एका भूखंडाकडे लिझ ख्रिस्ती या चित्रकार महिलेचे व तिच्या शेजाऱ्यांचे लक्ष गेले. ‘ग्रीन गेरिलाज’ या नावाने एकत्र आलेल्या या मंडळींनी तेथील कचरा उपसला, बाहेरून माती आणून टाकली, कुंपण घातले आणि भाज्यांचे उंच वाफे तयार केले. काम सुरू करून ती थांबली नाहीत, ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्यांनी शहराच्या गृहनिर्माण खात्याकडे जागेची रीतसर मागणी केली. १९७४ मध्ये खात्याने दरमहा एक डॉलर भाड्याने ती जागा वापरण्यास संमती दिली. ‘बोअरी-हाउस्टन सामुदायिक शेत व बाग’ असे तिचे नाव ठेवण्यात आले.

पाहता पाहता इतर वस्त्यांतही असे उपक्रम उभे राहिले. अर्जांची संख्या वाढू लागली, तेव्हा १९७८ मध्ये शहराने ‘ग्रीन थंब’ ही स्वतंत्र योजना सुरू केली. नाममात्र भाड्याने जागा द्यावी, माती, अवजारे व मार्गदर्शन पुरवावे आणि त्या बदल्यात रहिवाशांनी देखभालीची जबाबदारी घ्यावी, असे तिचे स्वरूप होते. शहराचा सफाईचा खर्च वाचला. ओसाड जागा पहारा न ठेवताही सुरक्षित झाल्या आणि ज्यांच्याजवळ एक वावही जमीन नव्हती त्यांच्या घरी ताजी भाजी येऊ लागली.

कराराची उणीव

या व्यवस्थेत एक मूलभूत उणीव होती. करार तात्पुरते असून अल्प मुदतीच्या सूचनेने ते संपुष्टात आणता येत होते. जोपर्यंत जागेला किंमत नव्हती तोपर्यंत ही उणीव कोणास जाणवली नाही. पुढे शहराची स्थिती सुधारली, जमिनीचे भाव चढले आणि चित्र पालटले. मे १९९९ मध्ये महापौर रुडॉल्फ जुलियानी यांच्या प्रशासनाने शंभरहून अधिक बागांच्या जागा लिलावात काढण्याचे ठरविले.

प्रशासनाची बाजू अगदीच निराधार नव्हती. शहरात घरांची टंचाई होती आणि बाग व घर या दोहोंची गरज एकाच गरीब वस्तीला होती. शहराकडे इतरही रिकामे भूखंड असताना वीस-पंचवीस वर्षे राबून सुपीक केलेल्या जागाच का विकाव्यात, असा रहिवाशांचा सवाल होता. निवेदने, सभा, मोर्चे झाले. राज्याच्या महान्यायवादींनी पर्यावरणविषयक तपासणीच्या मुद्द्यावर न्यायालयात धाव घेतली. अखेर लिलावाच्या आदल्या दिवशी तडजोड झाली आणि ‘ट्रस्ट फॉर पब्लिक लँड’ व ‘न्यूयॉर्क रेस्टोरेशन प्रोजेक्ट’ या दोन संस्थांनी एकूण सुमारे ४२ लाख डॉलर देऊन त्या जागा विकत घेतल्या.

ज्या जागेचे भाडे एके काळी महिन्याला एक डॉलर होते, तशा जागा वाचविण्यासाठी एवढी रक्कम उभी करावी लागली. उर्वरित बागांचा प्रश्न २००२ साली शहर व राज्य यांच्यातील समझोत्याने सुटला. सुमारे चारशे बागा कायम राखण्याचे ठरले आणि काही जागा घरबांधणीसाठी मोकळ्या करण्यात आल्या. ज्या बागा हलवाव्या लागतील त्यांच्यासाठी पर्यायी जागा सुचविण्याची पद्धत घालून देण्यात आली. आज ‘ग्रीन थंब’ योजनेखाली पाचशेहून अधिक बागा आहेत.

इंग्लंडमधील कायद्याचा आधार

इंग्लंडने हा प्रश्न वेगळ्या मार्गाने हाताळला. तेथील १९०८ च्या कायद्यानुसार कोणतेही सहा नोंदणीकृत मतदार अथवा करदाते एकत्र येऊन स्थानिक परिषदेकडे लागवडीच्या जागेची मागणी करू शकतात. परिषदेला त्या मागणीचा विचार करावाच लागतो. गरज आहे असे आढळल्यास पुरेशा जागा उपलब्ध करून देणे हे परिषदेचे कर्तव्य ठरते. अशी एक जागा परंपरेने सुमारे २५० चौरस मीटरची, म्हणजे आपल्या हिशेबाने अडीच गुंठ्यांची असते. प्रत्येक कुटुंब आपला तुकडा स्वतंत्रपणे कसते.

१९२५ च्या कायद्याने आणखी एक संरक्षण दिले. या प्रयोजनासाठी घेतलेली जमीन मंत्र्याच्या संमतीवाचून परिषदेला विकता येत नाही. तसेच भाडेकरूस काढावयाचे झाल्यास साधारणतः बारा महिन्यांची सूचना द्यावी लागते. अडीच गुंठे कसणाऱ्याला आपली मेहनत पुढील हंगामात वाया जाणार नाही, असा विश्वास या तरतुदींनी मिळतो.

आपल्याकडे विचार करताना

हे अनुभव जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. आपल्याकडे पहिला प्रश्न जमिनीच्या प्रकाराचा आहे. पंचायतीच्या स्वतःच्या मालकीची जागा, शासनाची जागा आणि गुरचरणासाठी राखून ठेवलेले गायरान यांच्याबाबतचे नियम निरनिराळे आहेत. २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढून त्या ग्रामसभा वा ग्रामपंचायतीकडे परत देण्याविषयी सर्व राज्यांना निर्देश दिले. तेव्हा हेतू कितीही चांगला असला तरी गायरानावर परस्पर नांगर घालणे उचित नव्हे. ज्या पशुपालकांची गुरे तेथे चरतात, त्यांचाही त्या जमिनीवर आधार आहे.

या दृष्टीने पंचायत सदस्यांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे :

१. सातबारा उतारा, नकाशा व मोजणी पाहून जमिनीची मालकी आणि राखीव प्रयोजन प्रथम निश्चित करावे.

२. विषय ग्रामसभेपुढे ठेवावा. किती कुटुंबे कसणार, पाणी कोठून आणणार आणि सध्या त्या जागेचा उपयोग कोण करते, याची नोंद ठरावात असावी.

३. भूमिहीन कुटुंबे व महिलांचे बचत गट यांना प्राधान्य द्यावे. अन्यथा सामुदायिक शेतीच्या नावाखाली जमीन सबळांच्याच हाती जाते.

४. सक्षम अधिकाऱ्याची आवश्यक ती मान्यता घेऊन लेखी करार करावा. त्यात मुदत, नूतनीकरण, सूचनेचा काळ, उभ्या पिकाची भरपाई आणि पर्यायी जागा यांचा स्पष्ट उल्लेख असावा.

५. लागवडीपूर्वी माती व पाणी यांची तपासणी करून घ्यावी. जुन्या उकिरड्याची वा पडक्या इमारतीची जागा असल्यास हे विशेष अगत्याचे आहे.

६. उत्पन्न व खर्चाचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवावा.

शिक्षकांनाही या कामात मोठा वाव आहे. शाळेची परसबाग व पोषण आहार यांची सांगड अनेक ठिकाणी घातली गेली आहे. गावाच्या शेतातील एक वाफा शाळेकडे असला, तर मोजमाप, हिशेब आणि निसर्गविज्ञान हे विषय मुलांना हाताने शिकता येतील.

लोकांच्या उत्साहाने जमीन हिरवी होते, हे न्यूयॉर्कने दाखविले. तो हिरवेपणा टिकविण्यासाठी कायद्याचे कुंपण लागते, हे इंग्लंडच्या उदाहरणावरून दिसते. जमिनीला भाव नसतो तेव्हा करार करणे सोपे असते आणि भाव चढल्यावर तो करणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून पहिले बी पेरण्यापूर्वीच करारपत्र पुरे करून घेणे, हे अशा प्रत्येक उपक्रमाचे पहिले काम होय.